बाळाबाईशी जोडता येत नाही

राजारामपुरी, कोल्हापूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. मोनास अनेक आशीर्वाद.

दुधाच्या टेम्पोचे जोतीरामभाऊ परत निघण्याआधी माझ्याकडे चहाला थांबले आहेत. त्यांचा कप संपायच्या आत हे पत्र लिहून त्यांच्या हाती द्यायचं आहे. तुमच्या कातळेवाडीत मोबाईलला रेंज नाही. तू पठारावर चढून फोन केलास, तरी आईला फोनवरचं ऐकू येत नाही, आणि आपण दोघी तिसऱ्या मिनिटाला भांडायला लागतो. कागदावर निदान पान उलटेपर्यंत थांबावं लागतं.

काम असं आहे. माझा लॅपटॉप बिघडला होता. दुरुस्तीवाल्याने तो फॉरमॅट करून दिला, म्हणजे आतलं सगळं पुसून कोरा केला. आता तो घरच्या वायफायला जोडला जात नाही. राउटर चालू आहे, त्याचे चारही हिरवे दिवे लागतात. माझा मोबाईल चालतो, टीव्ही चालतो. लॅपटॉप मात्र पासवर्ड मागतो आणि मला तो माहीत नाही. तीन वर्षांपूर्वी वायफाय बसवलं त्या दिवशी मी शाळेत होते, घरी आई होती. बसवायला आलेल्या वसीमभाईंनीच संध्याकाळी परत येऊन माझा मोबाईल, लॅपटॉप सगळं जोडून दिलं, त्यामुळे मला पासवर्ड कधी लागलाच नाही. वसीमभाई आता पुण्याला गेले, त्यांचा जुना नंबर लागत नाही. राउटरच्या पोटाला चिकटवलेला कंपनीचा पासवर्ड टाकून पाहिला, तो चालत नाही. तो तेव्हाच बदललेला असणार. माझ्या जुन्या मोबाईलमध्ये पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात.

नेटवर्कला वसीमभाईंनी आईचंच नाव दिलं होतं. त्यामुळे लॅपटॉपवर यादी उघडली की सगळ्यांत वर 'बाळाबाई' असं येतं आणि त्याच्याखाली 'जोडता येत नाही'. दिवसातून दहा वेळा मी हे वाचते.

आईला पासवर्ड विचारून कळव. शनिवारी संध्याकाळी माझा अमेरिकेतल्या मुलांचा मराठीचा वर्ग असतो. सध्या तो मोबाईलवर घेते. अकरा मुलांचे चेहरे पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसतात.

आणखी एक. आई दसरा झाल्यावर पंधरा दिवसांसाठी म्हणून तुझ्याकडे गेली. आज चौतीस दिवस झाले. भात कापून, झोडून, पोत्यात भरूनही झालं असेल. तिच्याशिवाय तुझं नेमकं कोणतं काम अडतं, ते कळवलंस तर बरं होईल. तिला एवढं वाचून दाखव: आई, घरी ये. तुझी खोली तशीच आहे.

तुझी,
पूर्णिमा


कातळेवाडी, ता. शाहूवाडी
२१ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास मोनाचा नमस्कार.

पत्र मिळालं. आई बरी हाय. चांगली जेवती. तुझ्याकडं दीड चपाती खायची म्हणं, हितं दोन भाकरी खाती. सकाळी उन्हाला बसती, मग म्हशीशी बोलती. माझी हिरवी साडी तिला आवडली, म्हणून दिली. तुझ्याकडनं आणलेली आकाशी साडी तिनं अजून घडीतनं काढलेली न्हाय.

पासवर्डचं इचारलं. तिच्या कानात ओरडून इचारलं, कारण गोठ्यात होतो. 'आई, आक्का इचारती, वायफायचा पासवर्ड काय हाय?' आई गालात हसली आणि म्हणाली, 'न्हाय सांगत.' मला वाटलं चेष्टा करती. परत इचारलं. 'न्हाय सांगत, आसं लिव्ह तिला,' म्हणाली. म्हणून लिहितो. तुमच्या दोघींत काय झालंय ते मला म्हाईत न्हाय, आणि मी मधी पडत न्हाय.

तू दिवस मोजतीस ते वाचलं. आई माझीपण हाय की. काम अडतं म्हणूनच आईला ठेवून घ्यायचं असतं काय?

तिचा चष्मा तिकडंच राहिलाय. सापडला तर जोतीरामभाऊंच्या हाती पाठव. चष्मा न्हाय म्हणून तिला वाचता येत न्हाय, तुझं पत्रपण मीच वाचून दाखवलं.

तुझी
मोना


राजारामपुरी
२३ नोव्हेंबर २०२४

चि. मोनास आशीर्वाद.

'न्हाय सांगत.' बरं. न सांगू दे.

मी काल शाळेतून आल्यावर स्वतःच शोधायला बसले. पासवर्डला कमीत कमी आठ अक्षरं लागतात. आधी माझं नाव टाकलं, पुढे जन्मसाल. चुकीचं. बाबांचं नाव टाकलं, मग गावाचं, मग आईच्या माहेरचं आडनाव. बाबांच्या जुन्या सायकलीचं नावही टाकलं. सगळं चुकीचं. शेवटी तुझं नाव आणि तुझं जन्मसाल टाकलं. टाकताना हात थांबला होता. ते उघडलं असतं तर लॅपटॉप गॅलरीतून खाली गेला असता. उघडलं नाही. खरं सांगते, बरं वाटलं.

हिरव्या साडीचं कळवलंस. त्या आकाशी साडीसाठी मी महाद्वार रोडला चार दुकानं फिरले होते. असो.

तुझं पत्र तपासून सोबत परत पाठवते आहे. लाल शाई पाहून रागावू नकोस, तीस वर्षांची सवय आहे. 'हाय' नाही, 'आहे'. 'इचारलं' नाही, 'विचारलं'. आणि बाईने 'मी लिहितो' असं लिहू नये, 'मी लिहिते' असं लिहावं. तू बारावी झालेली आहेस.

चष्मा शोधला. सापडला नाही.

आईला पुन्हा एकदा शांतपणे विचार. आणि मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य तिला वाचून दाखवलंस का, त्यावर ती काय म्हणाली, ते तू कळवलं नाहीस.

पूर्णिमा


कातळेवाडी
२७ नोव्हेंबर २०२४

आक्का,

एकोणतीस चुका. मी मोजल्या. खाली सहीपण केलीयस, शेरा तेवढा द्यायचा राहिला. अगं, आपल्याकडं बायका 'जातो' 'येतो'च म्हणत्यात. तूपण म्हणायचीस, शाळेत नोकरी लागायच्या आधी. मी लिहितो, लिहितो आणि लिहितोच.

ह्यांना तुझा लॅपटॉप सांगितला. अमरसिंहराव म्हणाले, राउटर बंद करून चालू करा म्हणावं. ह्यांचं सगळ्यावर हेच औषध. पाण्याची मोटर असो, टीव्ही असो, मी रागावलेली असो, थोडा वेळ बंद ठेवायचं आणि परत चालू करायचं. तू करून बघ. माझ्यावर चालत न्हाय.

आईला शांतपणे इचारलं. ती चिडली. म्हणाली, 'सांगितलं की. किती येळा सांगू? न्हाय सांगत, न्हाय सांगत. तिला येवडं शिकून कळत न्हाय व्हय?' मग तोंड फिरवून बसली. आता मी इचारणार न्हाय. तिला तुला सांगायचं न्हाय, आणि त्याचा राग माझ्यावर निघतोय.

आता माझं ऐक. तुला वाटतं आई हितं येऊन माझी झाली. दिवसभर तिच्या तोंडात तूच असतीस. शेजारची चिमणाबाई ताक न्यायला आली की हिचं सुरू, 'माजी पूर्णा कंपूटरवर बोलती आन पोरं अमेरिकेत ऐकत्यात.' चिमणाबाईनं हे सहा वेळा ऐकलंय. मी दोन म्हशींची धार काढतो, चिखलात रोप लावतो, भात कापतो. ते अमेरिकेत कुणी बघत न्हाय, म्हणून आई ते कुणाला सांगत न्हाय. परवा मी तिच्या पायाला तेल लावत होतो, तर म्हणती, 'पूर्णाचा हात हलका हाय.' मी तेलाची वाटी तशीच ठेवून उठलो.

मोना


राजारामपुरी
१ डिसेंबर २०२४

चि. मोना,

तेलाचं वाचून हसू आलं. मी तिच्या पायाला तेल लावायचे तेव्हा ती मला म्हणायची, 'मोनीच्या हातात जोर हाय, तू नुसतं पुसल्यासारखं करतीस.' आई माझ्याकडे राहायला आल्यापासून नऊ वर्षं मी हे ऐकलं.

अमरसिंहरावांचं औषध दोनदा करून पाहिलं. दिवे गेले, परत आले. 'बाळाबाई' दिसलं. जोडता येत नाही.

मग इंटरनेट कंपनीचा माणूस बोलावला. त्याने राउटर उलटा करून एक बारीक भोक दाखवलं. त्यात पिन घालून दहा सेकंद दाबायचं, की जुना पासवर्ड जातो आणि नवा ठेवता येतो. एवढं सोपं आहे. त्याने खिशातून पिन काढलीसुद्धा. मी विचारलं, नाव राहील का? तो म्हणाला, नाव पण जाणार मॅडम, सगळंच जाणार, तुम्ही म्हणाल ते नवीन ठेवू. मी त्याला म्हटलं, नको, राहू दे. तो म्हणाला, मग मला बोलावलं कशाला? त्याला चहा देऊन पाठवून दिलं.

समोरच्या फ्लॅटमधली आफशीन तुला आठवत असेल, फातिमाभाभींची सून. आईचं आणि तिचं फार जमायचं. मला खात्री होती की आईने तिला पासवर्ड दिलेला असणार. दोन दिवस मी तिच्या दाराकडे पाहत होते. जाऊन विचारावं तर हो म्हणेल, ही भीती. काल शेवटी विचारलं. ती म्हणाली, 'काकू, माझं नेट बंद होतं तेव्हा मी आजींना विचारलं होतं. त्यांनी सरळ सांगितलं, न्हाय सांगत. मी गप घरी आले. परत विचारायची हिंमत नाही झाली.' मला इतकं बरं वाटलं की मी तिला अर्धा डबा करंज्या दिल्या. चोपन्न वर्षांच्या बाईने असं वागू नये, हे मला कळतं.

तुमच्यात काय झालं, असं तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. सांगते. दसऱ्याच्या दिवशी वर्ग चालू होता. मी 'नाही' हे रूप शिकवत होते. आई मागून आली आणि म्हणाली, 'पूर्णे, चा घेतीस का न्हाय?' मुलं हसली. वाईट हसली नाहीत, मुलं हसतात तशी हसली. मी वळून सगळ्यांसमोर म्हटलं, 'आई, न्हाय नव्हे, नाही म्हण. निदान वर्ग चालू असताना तरी.' ती चहाचा कप टेबलावर ठेवून आत गेली. तीन दिवसांनी म्हणाली, मोनीकडं भात काढायला जाते.

म्हणून ती मला पासवर्ड सांगत नाही. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुला लिहायला दोन आठवडे लागले.

आणखी एक लिहून टाकते. चष्मा हरवलेला नव्हता. आई गेली त्याच दिवशी सापडला, राउटरच्या मागे. तिथेच बसून ती पेपर वाचायची. मी पाठवला नाही. वाटलं, माझ्यासाठी नाही तर चष्म्यासाठी तरी येईल. आज जोतीरामभाऊंच्या हाती देते आहे. डबीत आहे, काच पुसून ठेवली आहे.

तुझी,
पूर्णिमा


कातळेवाडी
६ डिसेंबर २०२४

आक्का,

चष्मा पोचला. आईनं डबी उघडली, चष्मा लावला आणि पहिलं काय म्हटली असंल? 'तिची पत्रं आण.'

मी म्हटलं, वाचून दाखवली की. ती म्हणाली, 'मला माज्या डोळ्यानं बघायची हाईत.'

आणून दिली. दुसरं काय करणार होतो. उंबऱ्यावर उजेडाला बसून तिनं एकेक ओळ बोटानं वाचली. पहिल्या पत्राच्या शेवटी तिचं बोट थांबलं. 'आई, घरी ये. तुझी खोली तशीच आहे.' ही ओळ मी तिला वाचून दाखवली नव्हती. तू दुसऱ्या पत्रात इचारलंस, ते पण गाळलं.

आणि दिवाळीचं तुला म्हाईत न्हाय. भाऊबीज झाल्यावर आई मला म्हणाली होती, पूर्णा एकटी असंल, मला सोडून या. मी म्हटलं, आक्काचं शाळेत ट्रेनिंग लागलंय, ती घरात नसती. तुझं काय ट्रेनिंग होतं काय? मला म्हाईतपण न्हाय. तोंडाला आलं ते बोललो.

पत्रं वाचून झाल्यावर आई जेवली न्हाय.

आक्का, तू चौतीस दिवस मोजलेस आणि लगेच पत्र लिहिलंस. मी नऊ वर्षं मोजली. सुट्टीला चार दिवस यायची, पाचव्या दिवशी म्हणायची, पूर्णाला डबा कोण देणार. मी कुणाला पत्र लिहिलं न्हाय. ह्या वेळी पहिल्यांदा ती माझ्या घरात महिन्याच्या वर राहिली. मी सकाळी उठलो की आधी तिच्या अंथरुणाकडं बघायचो, हाय का न्हाय. म्हणून ओळ गाळली. चूक झाली ते कळतंय. लाल शाई लागणार न्हाय.

आज सकाळी तिनं वही आणि पेन्सिल मागितली. मला जवळ बसू दिलं न्हाय. दोन तास लिहीत होती. ते पान ह्याच पाकिटात घातलंय. घडी मी उघडलेली न्हाय. ह्या वेळी खरंच.

मोना


पुर्णे,

चष्मा पोचला. तुजी सगळी पत्रं वाचली. मी चार बुकं शिकलेली, चुका हुतील. तपासून परत धाडू नगंस.

पासवर्ड पासवर्ड काय लावलंयस. किती येळा सांगितला तुला. वसीम वायफाय बसवाय आलता तवा त्यानं इचारलं, आजी, पासवर्ड काय ठिवू? त्याच्या आदल्याच दिवशी बँकेतल्या बाईनं मला बजावलंतं, पासवर्ड कुनीबी इचारला तरी सांगायचा न्हाय. म्हनून मी त्याला म्हटलं, न्हाय सांगत. त्यानं परत इचारलं. मी परत म्हटलं, न्हाय सांगत. त्यो हसाय लागला. म्हनला, आजी, ह्यो लई ब्येस हाय, ह्योच टाकतो. आन माज्यादेकत त्योच टाकला. इंग्रजी अक्षरात, सगळी बारकी, मदी जागा न सोडता. तर पासवर्ड हाय, न्हाय सांगत. कळलं का आता?

जो इचारंल त्याला मी खरंच सांगत आलोय. आफशीनला सांगितला तर ती त्वांड बारीक करून गेली. मला वाटलं, पोरगीला मिळाला आसंल. तुला मोनीकडनं धाडला, तुला कळंल आसं वाटलंतं. लोकांस्नी न्हाय कळलं तर न्हाय. तुला कळाय पायजे हुतं. तीन वर्सात तू मला कदी इचारलंच न्हाईस, आई, वसीम आला तवा काय झालं. मी तुला सांगाय दोनदा आलतो, तू वह्या तपासत हुतीस.

चाचं त्ये मनात धरून मी आलो न्हाय. म्हंजे, धरलंतं. खोटं कशाला बोलू. राग न्हाय आला, लाज वाटली. मग हितं येऊन आटवलं, तुला शाळंत घातलं तवा मास्तरला मीच म्हटलंतं, पोरगीला सुद्द बोलाय शिकवा. त्यानं शिकवलं. आता तकरार कुनाकडं करू?

मोनीला कायबी बोलू नगंस. तिनं वळ गाळली, तू चष्मा दडवलास. दोगीबी माज्याच. तुमी दोगी मला वाटून घ्याय बसलाय, मला तेवडं कुनी इचारलं न्हाय.

पंदरा तारकंला रविवारी जोतीरामच्या टेम्पोत फुडं बसून येतो. फेब्रुवारीत म्हस व्यायची हाय, तवा परत मोनीकडं जानार. तुजा वर्ग चालू आसला तरी मी मागनं चा घिऊन येनार. आन न्हायच म्हननार.

आई


राजारामपुरी
९ डिसेंबर २०२४

ती. आईस साष्टांग नमस्कार. चि. मोनास आशीर्वाद.

हे पत्र दोघींना आहे. मोना, वाचून दाखवू नकोस, आईच्या हातात दे.

आई, तुझं पत्र शनिवारी सकाळी मिळालं. पहिल्याच ओळीतला पहिला उकार पाहून माझा हात लाल पेनाकडे गेला. पेन उचलून कपाटात टाकलं आणि मग पुढे वाचलं.

लॅपटॉप उघडला. 'बाळाबाई'वर बोट ठेवलं. त्याने पासवर्ड मागितला. तू सांगितलंस तसा टाकला आणि त्याने सांगितलं, चुकीचा आहे. पुन्हा टाकला, सावकाश, एकेक अक्षर. चुकीचा. मला वाटलं, आईला नीट आठवत नसेल, किंवा वसीमभाईंनी मागाहून बदलला असेल. तुझं पत्र पुन्हा काढलं. तेव्हा लक्षात आलं. दोन्ही वेळा माझ्या बोटांनी 'नाही सांगत' असं टाकलं होतं. मनात तुझं वाक्य वाचत होते आणि बोटं ते शुद्ध करत होती. मला कळलंसुद्धा नाही.

तिसऱ्यांदा मी ते मोठ्याने म्हटलं. घरात कोणी नव्हतं. न्हाय. एन, एच, ए, वाय. मग सांगत.

हिरवी रेघ फिरली आणि 'बाळाबाई'च्या खाली आलं, 'जोडले आहे'.

नुसती ती यादी बघत बसले. मग आफशीनकडे जाऊन तिला सांगितलं. ती इतकी हसली की फातिमाभाभी आतून पळत आल्या. आफशीन म्हणाली, 'म्हणजे काकू, आजींनी मला पहिल्याच झटक्यात दिला होता?' मी म्हटलं, हो, माझ्याही आधी. हे सांगताना मला थोडं टोचलं. थोडंच.

संध्याकाळी वर्ग लॅपटॉपवर घेतला. चेहरे मोठे दिसले. एका मुलीने विचारलं, टीचर, त्या आजी कुठे आहेत, चहावाल्या? मी सांगितलं, पुढच्या रविवारी येणार आहेत. ती म्हणाली, त्यांना शनिवारी यायला सांगा ना.

मोना, तू नऊ वर्षं मोजलीस हे मला माहीत नव्हतं. मी चौतीस दिवसांत चष्मा लपवण्यापर्यंत गेले. तू नऊ वर्षांत एक ओळ गाळलीस. फेब्रुवारीत आईला सोडायला मीच येईन. आणि तेल तूच लाव. जोर तुझ्याच हातात आहे, तिने नऊ वर्षं सांगितलं आहे.

आई, हिरवी साडी आण. तुला कशी दिसते बघू दे.

तुमची,
पूर्णिमा


कातळेवाडी
२२ जानेवारी २०२५

ती. आक्कास मोनाचा नमस्कार.

आईला जाऊन अडतीस दिवस झाले. मोजायचं मी तुझ्याकडनंच शिकलो. म्हस आता जड चालती. पोटात रेडकू वळलंय असं चिमणाबाई म्हणती, म्हणजे तारीख अलीकडं येईल असं वाटतं. आईला सांग. पिशवी भरून ठेवायला सांग.

जोतीरामभाऊ म्हणाले, आई तुझ्याकडं शनिवारी वर्गात बसती. पोरांना 'व्हय' आणि 'न्हाय' शिकवती आणि तू शेजारी बसून ऐकतीस. हिरवी साडी नेसून बसती, हे ऐकून बरं वाटलं. बाकीचं ऐकून काय वाटलं ते लिहीत न्हाय.

आता बातमी. ग्रामपंचायतीपर्यंत केबल आली, आणि काल आमच्या घरात वायफाय बसलं. बसवणाऱ्यानं इचारलं, वहिनी, नाव काय ठेवू? मी सांगितलं, 'बाळाबाई एक'. म्हणजे तुझं आता दुसरं. मग त्यानं पासवर्ड इचारला. मी ह्यांना आणि त्या माणसाला दोघांना बाहेर उभं केलं आणि स्वतः टाकला. फोन त्याला लगेच जोडला गेला. बंद करून चालू करायची वेळ आली न्हाय, ह्यांचा थोडा हिरमोड झाला.

फेब्रुवारीत तू आईला सोडायला येशील. लॅपटॉप आणशीलच. पडवीत बसून यादी उघडशील, माझं 'बाळाबाई एक' वर दिसंल आणि तू मला हाक मारशील, मोने, पासवर्ड काय गं?

तर आत्ताच लिहून ठेवतो. न्हाय सांगत.

हे टाकून बघू नकोस, उघडणार न्हाय. हा पासवर्ड न्हवं. खरंच न्हाय सांगत.

आईला म्हाईत हाय. जाताना तिच्या कानात सांगितलाय, केबल यायच्या आधीच. तिला इचारून बघ, सांगती का.

तुझी
मोना